मदत ही दया, भरपाई हा हक्क!

4 एप्रिल 2025 रोजी नांदेड तालुक्यातील आलेगाव शिवारात शेतमजूर महिलांना कामावर नेणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला. वसमत तालुक्यातील गुंज गावच्या सात महिलांचा जीव गेला. पंतप्रधान मदतनिधीतून 2 लाख आणि राज्य सरकारकडून 5 लाखांची मदत जाहीर झाली. मदत मिळालीच पाहिजे, याबद्दल वाद नाही. पण मदत जाहीर झाली की विषय संपला, असे मानण्याची जी सवय आपल्याला लागली आहे, तिचे काय? मदत ही सरकारच्या मर्जीची गोष्ट आहे. भरपाई हा कायद्याने दिलेला हक्क आहे आणि तो न्यायालयातच मागावा लागतो.

किनवट, माहूर, हिमायतनगर या पट्ट्यातला कष्टकरी माणूस जीपमध्ये लटकून, टेम्पोत उभा राहून, ट्रॉलीत बसून कामाला जातो. ही त्याची हौस नाही, दुसरे साधनच नसते. अपघात झाला की विमा कंपनीचा वकील पहिला मुद्दा काढतो तो हाच, की वाहन मालवाहू होते, यात प्रवासी कसे? 2002 साली आशा राणी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मालवाहू वाहनातून फुकट प्रवास करणाऱ्यांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे ठरविले. मग उरतो तो वाहनमालक. त्याच्याकडून हुकूमनामा वसूल करणे म्हणजे दुसरी लढाई! म्हणून मजूर कोणाच्या कामावर, कोणाच्या सांगण्यावरून जात होता, ही नोंद पहिल्या दिवशीच पोलिसांच्या कागदावर आली पाहिजे. कर्मचारी भरपाईची कायदेशीर तरतूद लागू होत असेल तर तोही मार्ग आहे. मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम 167 प्रमाणे दोन्हींपैकी एकच निवडता येतो. निवड करण्यापूर्वी जाणत्या वकिलाला विचारावे.

दुसरा अडथळा अंतराचा. 1956 पूर्वी किनवट तालुका हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. भाषावार प्रांतरचनेत तो नांदेडला जोडला गेला. पण आजही नांदेड शंभर किलोमीटरहून दूर आहे. ज्याचा पाय मोडला आहे, त्याने एका तारखेसाठी मजुरी बुडवून, सोबत एक माणूस घेऊन नांदेड गाठायचे, आणि तिथे कळायचे की पुढची तारीख पडली! अशा चार तारखांनंतर माणूस म्हणतो, ‘साहेब, काय द्यायचे ते द्या आणि मिटवा.’ विमा कंपनी याचीच वाट पाहत असते. लोकअदालत वाईट नाही, पण तिथल्या तडजोडीवर अपील नाही, हे सही वा अंगठा करण्यापूर्वी समजून घ्यावे.

तिसरा अडथळा हिशेबाचा. डॉक्टरने प्रमाणपत्रावर तीस टक्के अपंगत्व लिहिले म्हणजे कमाईही तीसच टक्के बुडाली, असे नाही. 2010 च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, त्या इजेमुळे त्या माणसाचे नेमके काम किती बंद पडले, हे पाहायचे. डावा हात गेलेला कारकून नोकरीत राहू शकतो, सुतार किंवा ड्रायव्हर उपाशी मरतो. मग तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाईचे, मोंढ्यातल्या हमालाचे काय? त्याच्या कामाचा पुरावा कोण गोळा करणार? रोजगार हमीचे कार्ड, मुकादमाची साक्ष, उपचाराची प्रत्येक पावती, हे जपून ठेवणे म्हणजेच लढणे. घरकाम करणाऱ्या बाईच्या श्रमालाही किंमत आहे, हे 2021 च्या कीर्ती प्रकरणात न्यायालयाने बजावले आहे.

आता कायदा काय देतो ते पाहू. 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार चालकाची चूक सिद्ध न करताही कलम 164 खाली मृत्यूसाठी 5 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मागता येतात. वाहन पळून गेले तर मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी 50 हजारांची योजना आहे. अपघात तेलंगणात झाला तरी अर्जदार राहतो त्या जागेच्या न्यायाधिकरणात दावा करता येतो, आदिलाबादला खेटे घालण्याची गरज नाही. पोलिसांनी 48 तासांत पहिला अपघात अहवाल न्यायाधिकरणाला पाठवायचा आहे. तपशीलवार अहवाल तीन महिन्यांत जायला हवा आणि तोच दाव्याचा अर्ज मानता येतो. याच दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदतही घातली आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश दिला. पण अंतरिम आदेशाच्या भरवशावर कोणी बसू नये. सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत, ही अडचणही कायद्याने मान्य केली आहे. 1987 च्या विधी सेवा कायद्याच्या कलम 12 प्रमाणे अनुसूचित जाती, जमाती, महिला, मुले आणि अपंग यांना मोफत वकील मिळतो. त्यांना उत्पन्नाची अट नाही. 1990 पासून बौद्धही अनुसूचित जातीच्या यादीत आहेत. मग आमचे किती लोक तालुका विधी सेवा समितीत अर्ज करतात?

म्हणून आमची मागणी साधी आहे. अपघात अहवालाची प्रत जखमीच्या हातात पडावी. अपंगत्वाची तपासणी गोकुंद्याच्या उपजिल्हा रुग्णालयात व्हावी. अपघाताच्या दाव्यांची साक्ष किनवटलाच नोंदवली जावी. आणि वस्तीवस्तीतल्या शिकलेल्या तरुणांनी अपघात झाला त्याच दिवशी ठाण्यात जाऊन कागद मागावा. हार घालून मदतीचा धनादेश देणारे पुष्कळ भेटतील, कागद मागणारा एक तरी आपला असू द्या!