पार्थिव कुठे उरलं?

९ सप्टेंबर २०२२, अनंत चतुर्दशी. कोकणातून आलेल्या मामांना घेऊन गोरेगावहून मरोळला निघालो होतो. आरेच्या तलावापाशी रिक्षा अडकली. ढोल-ताशे, गुलाल, उंचच उंच मूर्ती. बाप्पाला निरोप देताना माणसं खरोखर रडत होती. मामांनी रिक्षातूनच हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी परतताना तिथेच उतरलो. उथळ पाण्यात अर्धी बुडालेली सोंड, रंग उडालेला आशीर्वादाचा हात, प्लास्टिकच्या फुलांचे हार. सफाई कामगार लोखंडी आकड्याने देवाचे अवयव ओढून डंपरमध्ये भरत होते. रात्री रडलेल्यांपैकी कुणीच तिथे नव्हतं.

"रात्रभर पाण्यात होता ना हा? मग विरघळला कसा नाही?" मामांनी विचारलं.

मामांच्या घरी शाडूचा गणपती येतो. पूजेचं नावच पार्थिव, म्हणजे मातीचं. मातीत प्राणांचं आवाहन करायचं, उत्तरपूजेनंतर माती पाण्याला परत द्यायची, एवढा साधा विधी. आपण माती टाकून प्लास्टर ऑफ पॅरिस आणलं. ते भट्टीत भाजलेलं जिप्सम. मूर्ती घडवताना पाणी मिसळलं की पुन्हा दगडासारखं घट्ट होतं, मग तलावात सहज मोकळं होत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्येच अशा मूर्तींना मनाई केली. तरी मंडळामंडळांत उंचीची चढाओढ चालूच राहिली, आणि वर्गणी देताना आपण एकदाही विचारलं नाही, मूर्ती कशाची?

मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती ऑक्टोबर २०१९ आठवून. मेट्रो कारशेडसाठी रातोरात झाडं पडली तेव्हा 'आरे वाचवा' म्हणत आपण याच आरेत उभे राहिलो होतो. सरकारची कुऱ्हाड आपल्याला दिसली. आपल्याच हातांनी तलावात काय सोडतो, ते दिसलं नाही. इथल्या पाड्यांवरचे वारली वाघोबाला पूजतात. त्यांचा देव जंगलातच राहतो, जंगलाला भार होत नाही. त्यांना मागास म्हणायला मात्र आपली जीभ कचरत नाही.

मामा काठाकडे निघाले आणि थबकले. चपला काढून हातात घेतल्या. चिखलात जागोजागी मूर्तींचे तुकडे होते. पाय कुठे ठेवावा, ते त्यांना कळेना.