घराचा अदृश्य उंबरठा

नवे घर घेताना मराठी कुटुंब मुख्य दरवाजाचे लाकूड पारखते, कुलूप कोणत्या बनावटीचे याची चौकशी करते. त्याच घरात इंटरनेटची जोडणी येते तेव्हा मात्र कर्मचाऱ्याने आणून दिलेला राउटर मुकाट्याने स्वीकारला जातो. फार तर दुकानातून जास्त अँटेनांचा राउटर आणला जातो. वस्तुतः बँकेचे व्यवहार, मुलांचा अभ्यास आणि परदेशी असलेल्या लेकीशी होणारा संवाद या सर्वांची ये-जा त्याच उंबरठ्यावरून होत असते.

हा उंबरठा मोकळा राहिला तर काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच घडले आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी बाँबस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल मिळाला होता. त्याचा माग काढत तपास पोहोचला तो नवी मुंबईतील एका परदेशी नागरिकाच्या घरच्या वायफायपर्यंत. त्याची जोडणी दुसऱ्याच कोणी वापरल्याचे पुढे निष्पन्न झाले. परंतु तोवर पोलिसी चौकशीला तोंड त्या गृहस्थालाच द्यावे लागले.

म्हणून राउटर निवडताना पहिला प्रश्न वेगाचा नसून सुरक्षिततेचा असला पाहिजे. २०१८ साली ५४ देशांतील किमान ५ लाख उपकरणांत एक घातक प्रणाली शिरल्याचे उघड झाले. त्यांत बहुसंख्य घरगुती व छोट्या कार्यालयांतील राउटर होते. राउटरमध्येही सॉफ्टवेअर असते आणि त्यातील उणिवा कालांतराने उघड होतात. त्या दुरुस्त करणारी अद्यतने कंपनी किती वर्षे देणार, हे दुकानदाराला विचारावे. ती थांबलेला राउटर दिवे लुकलुकत असले तरी निवृत्तच समजावा. उपकरण कोणत्या देशातले, हा प्रश्न रास्तच आहे. परंतु खोक्यावरील देशाचे नाव या दुरुस्तीची हमी देत नाही. २०१८ साली आलेली डब्ल्यूपीए-३ ही सुरक्षापद्धती नव्या राउटरमध्ये असावीच. कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. पाहुण्यांसाठी आणि टीव्ही-कॅमेऱ्यांसाठी वेगळे नेटवर्क ठेवण्याची सोय आहे का, हेही पाहावे.

वेगाच्या आकड्यांची मोहिनीही ओळखून असावे. खोक्यावरील ‘एसी १२००’ म्हणजे ३०० आणि ८६७ मेगाबिट या दोन पट्ट्यांच्या वेगांची पूर्णांकात केलेली बेरीज होय. मोबाइल एका वेळी सामान्यतः एकाच पट्ट्यावर चालतो आणि हे आकडेही आदर्श परिस्थितीतले असतात. शिवाय जोडणी १०० मेगाबिटची असेल, तर कितीही महागडा राउटर इंटरनेट त्याहून वेगवान करू शकत नाही.

बहुतेक तक्रारींचे मूळ उपकरणात नसून त्याच्या जागेत असते. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंती ओलांडतात. परंतु त्या पट्ट्यात एकमेकांवर न येणाऱ्या वाहिन्या तीनच, १, ६ आणि ११. साहजिकच सदनिकांच्या इमारतीत तेथे गर्दी होते. ५ गिगाहर्ट्झचा वेग अधिक, पण भिंतीपुढे तो लवकर क्षीण होतो. लोखंडी कपाट आणि जुन्या वाड्याची जाड भिंत हे दोन्हींचे वैरी. राउटर घराच्या मध्यभागी, उंचावर आणि उघड्यावर ठेवावा. टीव्हीमागे दडवू नये. घर मोठे वा दुमजली असेल तर केबल टाकून दुसरा ॲक्सेस पॉइंट बसवणे हाच टिकाऊ उपाय. केबल शुद्ध तांब्याची असावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त मिळते, पण ती कमकुवत असते. वीज वारंवार जाणाऱ्या गावांत राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएसही उपयोगी पडतो. मात्र त्याचा व्होल्टेज राउटरशी जुळतो का, ते आधी पाहावे.

यातले काहीही तंत्रज्ञाखेरीज अशक्य नाही. घरातील एका जाणत्याने ही जबाबदारी अंगावर घ्यावी, दर महिन्याला अद्यतने तपासावीत आणि कोणकोणती उपकरणे जोडलेली आहेत यावर नजर टाकावी. दाराला कडी लावल्याची खात्री करूनच निजणाऱ्या समाजाला ही शिस्त जड जाण्याचे कारण नाही.