तुझ्या आईचं ऑफिस केवढं आहे?

गेल्या हिवाळ्यात मी आणि माझ्या नवऱ्याने मिळून कुकीजचे १७० बॉक्स विकले. बक्षीस आमच्या आठ वर्षांच्या मुलीला मिळालं. एक मऊ खेळणं, व्हेस्टवर लावायचा एक पॅच आणि बाकीच्या मुलींच्या टाळ्या. तिने स्वतः विकले होते ४२. कागदावर मात्र तिच्या नावापुढे २१२ हा आकडा होता आणि तो मीच भरला होता, कारण त्या वर्षी ट्रूपची कुकी मॅनेजर मीच होते.

तिच्याच ट्रूपमधल्या एका मुलीने ५८ बॉक्स विकले. तिची आई रात्रपाळी करते आणि दिवसा झोपते. त्यामुळे ही पोरगी आपल्या मावशीला घेऊन चार मजली इमारतीत दार वाजवत फिरली होती. खरा हिशेब केला तर ती माझ्या मुलीच्या पुढे होती. बक्षिसं वाटून झाल्यावर खाऊ खाताना तिने माझ्या मुलीला विचारलं, "तुझ्या आईचं ऑफिस केवढं आहे?"

आवाजात कसलाही टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. एवढ्या वर्षांत कुकीच्या धंद्याचं इतकं अचूक विश्लेषण मी कुठल्या मोठ्या माणसाकडून ऐकलेलं नाही.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गर्ल स्काऊट्स ही अमेरिकेतली मुलींची संघटना. ज्युलिएट गॉर्डन लो यांनी १९१२ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहरात ती सुरू केली. साधारण जानेवारी ते एप्रिल या काळात या मुली कुकीज विकतात. सुपरमार्केटच्या दाराबाहेर घडीचं टेबल, त्यावर रंगीत बॉक्सांचा ढीग, मागे जाड कोटातल्या तीन-चार मुली आणि हात चोळत उभ्या दोन आया, हे दृश्य तेव्हा गावोगावी दिसतं. एका हंगामात देशभर सुमारे २० कोटी बॉक्स खपतात. आमच्याकडे एक बॉक्स सहा डॉलरला होता. 'थिन मिंट्स' सगळ्यात लाडक्या, आणि त्यात अंडं किंवा दूध नसतं, त्यामुळे आमच्या देशी गिऱ्हाइकांचीही सोय होते. "अंडं आहे का गं?" हा प्रश्न आला की माझी मुलगी बॉक्स उलटा करून घटकांची यादी वाचून दाखवायची. तो तिचा सगळ्यात आवडता भाग होता.

याची सुरुवात फार साधी होती. १९१७ मध्ये ओक्लाहोमा राज्यातल्या मस्कोगी गावात एका ट्रूपच्या मुलींनी कुकीज भाजल्या आणि शाळेच्या कॅफेटेरियात विकल्या. आलेला पैसा त्यांच्याच सेवाकार्याला लागला. १९२२ मध्ये संघटनेच्या मासिकाने शिकागोच्या फ्लोरेन्स नील यांची पाककृती छापली आणि सोबत हिशेबही दिला. सहा-सात डझन कुकीजचं सामान २६ ते ३६ सेंटांत येतं, एक डझन २५ ते ३० सेंटांना विकता येतात. म्हणजे पीठ किती, साखर किती, खर्च किती आणि हातात उरले किती, हे त्या मुलींना स्वतःच्या ओट्यावर दिसत होतं.

तो ओटा लवकरच गेला. १९३४ मध्ये फिलाडेल्फियाने बेकरीत तयार झालेल्या कुकीज विकायला घेतल्या. १९३६ मध्ये राष्ट्रीय संघटनेने बेकऱ्यांना परवाने द्यायला सुरुवात केली. आज हे काम दोनच बेकऱ्या करतात. तुमच्या भागातल्या कौन्सिलचा करार कोणाशी आहे यावर कुकीचं नावसुद्धा ठरतं. खोबरं-कॅरॅमलची तीच कुकी एका गावात 'समोआज' असते आणि दुसऱ्या गावात 'कॅरॅमल डिलाइट्स'.

आता पैशाचं बघू. आमच्या ट्रूपमध्ये १२ मुली. सगळ्यांचे मिळून १,२६० बॉक्स गेले. गल्ला झाला ७,५६० डॉलर. ट्रूपला एका बॉक्समागे ८० सेंट मिळाले, म्हणजे १,००८ डॉलर. मुलीमागे ८४. बहुतेक ठिकाणी ट्रूपचा वाटा किमतीच्या १० ते २० टक्क्यांत बसतो, त्यामुळे आमचं काही वेगळं नव्हतं. उरलेल्यातून बेकरीचं बिल भागतं आणि बाकी स्थानिक कौन्सिलकडे राहतं. त्यातून शिबिरांच्या जागा, प्रशिक्षण, कर्मचाऱ्यांचे पगार आणि मुलींची बक्षिसं असा खर्च चालतो. कोणी पैसे खातंय असं मी म्हणत नाही. शिबिराच्या तळ्यात माझी मुलगी कनू चालवायला शिकली, ते याच पैशावर.

माझं भांडण वेगळं आहे. संघटना सांगते की कुकीविक्रीतून मुली पाच गोष्टी शिकतात: ध्येय ठरवणं, निर्णय घेणं, पैशाचं व्यवस्थापन, माणसांशी वागणं आणि धंद्यातली नीती. मी विचारते, १७० बॉक्सांच्या बाबतीत यातलं कोण काय शिकलं? ऑफिसच्या पॅन्ट्रीत ऑर्डरचा कागद मी ठेवला. टीमच्या चॅटवर लिंक नवऱ्याने टाकली. मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मुलीचा गोड फोटो लावून "आमच्या चिमुकलीला मदत करा" असं मी लिहिलं. ज्यांनी घेतले त्यांच्यात माझ्या हाताखाली काम करणारे दोघे होते. त्यांना कुकीज हव्या होत्या की त्यांना नाही म्हणता आलं नाही, हे मी आजपर्यंत विचारलेलं नाही. धंद्यातली नीती शिकायची असेल तर ती इथून सुरू होते, आणि तिथे माझी मुलगी हजरच नव्हती.

नियम माहीत नव्हता असंही नाही. विक्री मुलींनी करायची, मोठ्यांनी फक्त मदत करायची, असं सांगितलेलं असतं. पण आकडा कोणी वाढवला हे बक्षिसाच्या तक्त्यात कुठेच दिसत नाही. इतक्या बॉक्सांना पॅच, इतक्यांना खेळणं, त्याच्या वर आणखी काही, अशी शिडी असते. शिडी समोर दिसली की आम्ही आयाबाप चढायला लागतो. पोरगी खाली उभी राहून बघते.

यातली सगळ्यात मोठी विसंगती मला मॅनेजर झाल्यावर कळली. विक्रीचा पैसा एकट्या मुलीचा नसतोच. तो ट्रूपच्या सामाईक खात्यात जातो. करसवलतीच्या नियमांमुळे अमुक मुलीने जास्त विकले म्हणून तिच्या नावाने वेगळा पैसा ठेवता येत नाही. तीनशे विकणारी आणि तीस विकणारी एकाच सहलीला, एकाच खर्चात जातात. ही व्यवस्था मला फार आवडते. मग पैसा सगळ्यांचा असताना टाळ्या एकेकीच्या का? आणि त्या टाळ्या आईबापांच्या ओळखींवर मोजायच्या असतील तर त्याला मुलींचं नेतृत्व का म्हणायचं?

मी सांगली जिल्ह्यातल्या शाळेत गाईड होते. नव्वदच्या दशकात आमच्याकडे 'खरी कमाई' असायची. हातात एक कार्ड घेऊन ओळखीच्या घरी जायचं, सांगतील ते काम करायचं, आणि कार्डावर काम, रक्कम आणि सही घ्यायची. मी एका काकूंचे तांदूळ निवडले होते. त्यांनी दोन रुपये देण्याआधी ताटातले खडे दाखवून परत निवडायला लावलं. मला तेव्हा रडू आलं होतं. पण त्या दोन रुपयांत माझे आईवडील कुठेच नव्हते. आई म्हणाली असती की मी निवडून देते, तर काकूंनीच हाकललं असतं.

ते दिवस थोर होते असं मला म्हणायचं नाही. आता तिकडेही खरी कमाई म्हणजे पुष्कळदा शाळेच्या मैदानावर खाऊचे स्टॉल. भेळेचा कांदा आईने चिरलेला, चटणी आजीने वाटलेली, आणि पहिला नंबर कोणाचा, तर ज्याचे नातेवाईक जास्त आले त्याचा. म्हणजे ही खोड अमेरिकेची नाही. मुलांचं काम हातात घ्यायचं आणि श्रेय त्यांच्या नावावर जमा करायचं, ही आम्हा नोकरदार आईबापांची सवय आहे. कुकीच्या हंगामात तिला फक्त शिडी आणि पॅच मिळतात.

यावर मला दोन उत्तरं नेहमी ऐकू येतात. पहिलं, "अहो, लाजाळू मुली बोलत्या होतात." होतात, शंभर टक्के होतात. माझी मुलगी अनोळखी माणसाकडे मान वर करून बघत नसे. टेबलामागे दुसऱ्या शनिवारी तिने एका आजोबांना हिशेब करून १४ डॉलर परत दिले. पण ते ४२ बॉक्सांमध्ये झालं. माझ्या १७० बॉक्सांनी त्यात काहीच भर घातली नाही. उलट तिने कमावलेला आकडा त्यात बुडाला. दुसरं उत्तर, "आयुष्यात ओळखी लागतातच, आत्ताच कळू दे." हे उत्तर देणाऱ्यांच्या ओळखी असतात, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. ज्या मुलीची आई दिवसा झोपते तिला हे आधीच कळलेलं आहे. त्यासाठी तिला पॅचविना घरी पाठवायची गरज नाही.

धंद्यातली नीती शिकलेल्या दोन मुली मला माहीत आहेत, पण त्या शिकल्या कुकी न विकून. मिशिगनमधल्या या दोघी २००७ मध्ये ओरँगउटानवर प्रकल्प करत होत्या. त्या प्राण्यांची जंगलं पाम तेलाच्या लागवडीसाठी तोडली जातात हे वाचलं आणि त्यांनी घरातला कुकीचा बॉक्स उलटा केला. यादीत पाम तेल होतं. त्यांनी विक्री थांबवली आणि संघटनेच्या मागे लागल्या. २०११ मध्ये संघटनेला पाम तेलाबद्दलचं धोरण जाहीर करावं लागलं. प्रश्न तिथे मिटला नाही. २०२० मध्ये असोसिएटेड प्रेसने इंडोनेशिया आणि मलेशियातल्या मळ्यांवर राबणाऱ्या मुलांची बातमी दिली. त्या तेलाचे धागे ज्या मोठ्या ब्रँडांच्या पुरवठ्यापर्यंत पोचत होते, त्यांत गर्ल स्काऊट कुकीजही होत्या. माझ्या मुलीच्या वयाची पोरं त्या बॉक्सच्या दुसऱ्या टोकाला आहेत. ऑफिसच्या पॅन्ट्रीत ठेवलेल्या कागदावर हे कुठे लिहिणार?

म्हणून माझं म्हणणं कुकी बंद करा असं नाही. तीन गोष्टी करा.

एक, बक्षिसांची शिडी काढा. हे अशक्य नाही. अनेक कौन्सिलांमध्ये मोठ्या मुलींच्या ट्रूपना आजही बक्षिसं नाकारून त्याबदली बॉक्समागे थोडे जास्त सेंट घेता येतात. हाच पर्याय आठ वर्षांच्या मुलींनाही द्या आणि मतदान त्यांनाच करू द्या.

दोन, हिशेब टेबलावर लावा. गणपतीत वर्गणी मागणारी पोरं निदान पावती तरी फाडतात, आणि नीट चालणारं मंडळ जमाखर्चही लावतं. सहा डॉलरमधले ट्रूपला किती, बेकरीला किती, कौन्सिलला किती, हे मुलींनी स्वतःच्या अक्षरात कार्डबोर्डवर लिहावं. गिऱ्हाईक पळेल अशी भीती वाटते? मग त्या भीतीचं काय करायचं हाच मुलींचा पहिला खरा धडा.

तीन, आईबापांनी ऑफिसात कागद न्यायचा नाही. हे कौन्सिलने सांगायची वाट बघू नका.

या वर्षी मी तो नेला नाही. लेक दोन दिवस बोलली नाही, कारण तिला वरच्या पायरीवरचं खेळणं हवं होतं आणि ते माझ्यामुळे जाणार होतं. ऑफिसात लोकांनी "कुकीज कुठे आहेत?" असं विचारलं. मी सांगितलं, शनिवारी दहा ते बारा ती सुपरमार्केटच्या दाराशी असेल, तिच्याकडून घ्या. चौदा जणांनी विचारलं होतं, दोघे आले. त्यातल्या एकाने नुसतंच पैसे देऊन जायचा प्रयत्न केला, तेव्हा ती म्हणाली की असं चालणार नाही, कोणती हवी ते सांगा.

या वर्षीचा तिचा आकडा ६७ आहे. तिच्या मैत्रिणीचा ७१. दोघी आता या चार बॉक्सांवरून भांडत असतात.