१७.३७चं करायचं काय?

१९ सप्टेंबर २०२५च्या शुक्रवारी टोकियोत पेद्रो पिचार्डोनं जे केलं, ते आपल्याकडे किती जणांनी पाहिलं असेल? त्या दिवशी अबुधाबीत ओमानशी क्रिकेटचा सामना होता. त्याआधीचा आठवडा भारत-पाकिस्तान क्रिकेट सामन्यात कोणी कोणाशी हस्तांदोलन केलं नाही या राष्ट्रीय प्रश्नात गेला होता आणि उरलीसुरली जागा नीरज चोप्रा आठवा कसा आला याच्या चिरफाडीला लागली होती. जागतिक अजिंक्यपद स्पर्धा म्हणजे भालाफेक आणि भालाफेक म्हणजे नीरज, असं समीकरण एकदा पक्कं झालं की गुरुवारी नीरज हरला म्हणजे स्पर्धाच संपली. शुक्रवारी पुरुषांच्या तिहेरी उडीची अंतिम फेरी होती, हे कोणाच्या गावीही नव्हतं.

तर ती सहावी, शेवटची फेरी. शेवटच्या फेरीत आघाडीवरचा खेळाडू सगळ्यांत मागून उडी मारतो. पोर्तुगालचा पिचार्डो, वय ३२, आघाडीवर होता आणि वाट पाहत होता. त्याच फेरीत इटलीच्या आंद्रेआ दाल्लावाल्लेनं आयुष्यातली सर्वोत्तम उडी काढली, १७.६४ मीटर, आणि पिचार्डोच्या हातातलं सुवर्ण गेलं. आता उरली एकच धाव. फाऊल झाला तर रौप्य, पाय जरा आखडला तरी रौप्य. पिचार्डो धावत आला आणि १७.९१वर वाळूत पडला. क्यूबाच्या लाझारो मार्टिनेझला १७.४९वर कांस्य मिळालं.

दोन दिवस आधी, बुधवारी, त्याच खड्ड्यात आपले दोघे उतरले होते. प्रवीण चित्रवेल १६.७४, पंधरावा. अब्दुल्ला अबूबकर १६.३३, चोविसावा. अंतिम फेरीत जातात बारा. दुसऱ्या दिवशी छापून आलं की प्रवीणची संधी ‘थोडक्यात हुकली’. क्रमवारीत बघाल तर हुकलीही असेल थोडक्यात. पण याच प्रवीणनं याच वर्षी एप्रिलमध्ये कोचीत फेडरेशन स्पर्धेत १७.३७ मारून स्वतःच्याच राष्ट्रीय विक्रमाची बरोबरी केली होती. कोची ते टोकियो या प्रवासात ६३ सेंटिमीटर गळाले, म्हणजे दोन फुटांहून जास्त. याला थोडक्यात म्हणायचं असेल तर जास्त कशाला म्हणायचं ते तरी सांगून ठेवा.

या स्तंभाचे जुने वाचक हसले असतील. घरचा आकडा आणि बाहेरचा आकडा, हे माझं जुनं तुणतुणं. पण या आठवड्यात ते पुन्हा वाजवायची मुभा मला पिचार्डोनं दिली आहे.

पिचार्डोची कारकिर्दीतली सर्वोत्तम उडी १८.०८ची, मे २०१५मधली, हवानात, क्यूबाचा खेळाडू म्हणून मारलेली. म्हणजे तोही एके काळी घरच्या आकड्याचाच माणूस होता. त्याच वर्षी बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत त्याची उडी १७.७३ भरली आणि ख्रिश्चन टेलरनं शेवटच्या फेरीत १८.२१ मारून त्याला जागा दाखवली. पुढे त्यानं क्यूबा सोडलं, पोर्तुगालचं नागरिकत्व घेतलं, आणि त्यानंतरचे आकडे बघा. २०२१चं टोकियो ऑलिंपिक १७.९८. २०२२ची यूजीनची जागतिक स्पर्धा १७.९५. पॅरिस ऑलिंपिक १७.८४. आता टोकियो १७.९१. स्वतःच्या सर्वोत्तम उडीपेक्षा कमी किती? दहा, तेरा, चोवीस, सतरा सेंटिमीटर. या चार मोठ्या मांडवांत या गड्यानं पाव मीटरही सोडलं नाही.

आता आपला हिशेब. रंजित महेश्वरीनं जुलै २०१६मध्ये बंगळुरूत १७.३० मारली, रिओ ऑलिंपिकच्या पात्रतेची मुदत संपता संपता. रिओत १६.१३. गळती १ मीटर १७ सेंटिमीटर. त्याआधी लंडनमध्ये तर तिन्ही उड्या फाऊल, आकडाच नाही. प्रवीण, १७.३७ आणि पॅरिसमध्ये १६.२५, गळती १ मीटर १२. अबूबकर, भुवनेश्वरला १७.१९, पॅरिसमध्ये १६.४९, टोकियोत १६.३३. शिकवणीच्या चाचणीत पंचाण्णव आणि बोर्डात साठ मिळवणारं पोर एखाद्या घरात असतं. इथे अख्खा वर्गच तसला आहे, आणि शिकवणीवाले पंचाण्णवचे फलक चौकात लावून मोकळे.

एक मात्र निघाला वेगळा. एल्डोस पॉल. नौदलातला हा माणूस २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुलला गेला तेव्हा त्याच्या नावावर १७ मीटरची एकही उडी नव्हती, सर्वोत्तम १६.९९. घरच्या आकड्यांच्या यादीत अबूबकर त्याच्या वर. त्या दिवशी पॉलची पहिली उडी १४.६२. शाळेच्या स्पर्धेतही लाज वाटावी अशी. दुसरी १६.३०. तिसरी १७.०३. आयुष्यात पहिल्यांदा सतरा पार, आणि तेही पदकाच्या दिवशी. अबूबकरनं पाचव्या फेरीत १७.०२ मारली, एका सेंटिमीटरनं मागे राहिला. चौथ्या क्रमांकावर प्रवीण, १६.८९, कांस्यापासून तीन सेंटिमीटर लांब. त्याच वर्षी यूजीनच्या जागतिक स्पर्धेत व्हिसाच्या घोळामुळे ऐनवेळी पोचलेला हाच पॉल अंतिम फेरीत जाऊन नववा आला होता. तिहेरी उडीत जागतिक अंतिम फेरी गाठणारा पहिला भारतीय.

माझा प्रश्न साधा आहे. १७.३७ आणि १७.०३, यांतली मोठी उडी कोणती? फूटपट्टी सांगेल पहिली, ३४ सेंटिमीटरनं. मी सांगेन दुसरी, आणि वाद घालायला तयार आहे. (जाता जाता, १७.०३ याच आकड्यावर १९६०मध्ये पोलंडच्या योझेफ श्मिटनं जगात पहिल्यांदा सतराची भिंत फोडली होती. पॉलनं त्याच विटेला ६२ वर्षांनी हात लावला. असो.)

मला उत्तर मिळेल की प्रवीणनं १७.३७ पहिल्यांदा मारली ती हवानात, २०२३मध्ये, समोरून वारा असताना. घरी कुठे? मान्य. मी घर म्हणतो ते गावाला धरून नव्हे. जिथे हरलं तरी काही जात नाही ते घर. आणि पॉल? तो पुढच्याच वर्षी बुडापेस्टला १५.५९वर अडकला, हेही मला कोणीतरी ऐकवेलच. ऐकवा. एका माणसावर सिद्धांत उभा राहत नाही, ठाऊक आहे. पण उंच आकडे मारून बाहेर कोसळणारे तीन-तीन आहेत, त्यांच्यावर तरी राहतो की नाही?

आणि जगाचा पुरावा माझ्या बाजूनं आहे. मोकळ्या मैदानावर आजवरच्या तीन सर्वांत लांब उड्या मारणारे कोण? जोनाथन एडवर्ड्स, १८.२९, १९९५ची योतेबोरीची जागतिक स्पर्धा. टेलर, १८.२१, बीजिंगची जागतिक स्पर्धा. जॉर्डन डियाझ, १८.१८, २०२४ची रोमची युरोपियन स्पर्धा, जिथे पिचार्डो १८.०४ मारूनही हरला. तिन्ही अजिंक्यपदाच्या अंतिम फेरीत. चौथा विल क्ले, १८.१४, कॅलिफोर्नियातल्या एका लहानशा स्पर्धेत. हा क्ले मोकळ्या मैदानावरच्या जागतिक आणि ऑलिंपिक पदकांना उभा राहिला तो बहुतेक वेळा टेलरच्या खालच्या पायरीवर.

हे तिहेरी उडीतच इतकं का बोचतं? कारण या प्रकारात चूक व्याजासकट वसूल होते. एडवर्ड्सची जगप्रसिद्ध उडी मोजा. पहिली टांग, ज्या पायानं फळी दाबली त्याच पायावर उतरणं, ६.०५ मीटर. दुसरी टांग पाय बदलून, ५.२२. शेवटची उडी वाळूत, ७.०२. मधली सर्वांत आखूड, पण सगळा खेळ तिच्यात. पहिल्या टांगेनंतर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार एका पायावर येतो, आणि त्या क्षणी वेग टिकला तरच शेवटी सात मीटर हाताला लागतात. एडवर्ड्स पाण्यावर टप्पे खात जाणाऱ्या दगडासारखा सपाट जायचा, वर उडायचाच नाही.

आता परक्या मैदानावर, पात्रता फेरीत, हातात तीनच उड्या घेऊन उभा असलेला खेळाडू डोळ्यांसमोर आणा. पहिली फाऊल झाली तर उरल्या दोन. मग दुसरीला तो फळी शोधत धावतो. शेवटची दोन पावलं तोकडी होतात, वेग तिथेच सांडतो. गेलेला वेग भरून काढायला पहिली टांग उंच उडवतो, उंचावरून धपकन उतरतो, मधली टांग साडेचारावर आखडते आणि वाळू येईपर्यंत उरतं काय? लांब उडीत या चुकीची किंमत एकदा मोजावी लागते, इथे तीनदा. फळी सगळीकडे वीस सेंटिमीटरचीच असते, टोकियोत ती आकसत नाही. आकसतं ते पाऊल, आणि ते न आकसू देण्याची सवय घरी लागत नाही. कारण आपल्याकडे तिहेरी उडीची राष्ट्रीय स्पर्धा म्हणजे बहुधा थेट अंतिम फेरी. सहा उड्या, ओळखीची धावपट्टी, ओळखीचे पंच, आणि पहिल्या तीन जेमतेम पडल्या तरी चौथी मनासारखी पडली की विक्रम.

त्यात भर निकषाची. टोकियोसाठी थेट पात्र व्हायला १७.२२ हवे होते. ते एकदा एप्रिलमध्ये मारले की विमानाचं तिकीट पक्कं, मग सप्टेंबरपर्यंत पाय तेच राहिले की नाही याची चौकशी करायला कोणाला सवड आहे? प्रवीण मे महिन्यात गुमीच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत १६.९०वर रौप्य घेऊन आला, तेव्हाच पारा उतरायला लागला होता. पण रौप्य आलं ना! फटाके वाजले, विषय संपला. क्यूबाचे योआंद्री बेतान्झोस स्वतः दोनदा जागतिक रौप्य जिंकलेले, आपल्या पोरांना शिकवून गेले. उडी शिकवता येते हो. सप्टेंबर शिकवायला वेळापत्रक लागतं, आणि ते प्रशिक्षक नव्हे, ॲथलेटिक्स महासंघ बनवतो.

नाशिकच्या देवरगावचा सर्वेश कुशारे त्याच टोकियोत, त्याच आठवड्यात उंच उडीत सहावा आला. २.२८ मीटर, आयुष्यातली सर्वोत्तम, जागतिक अंतिम फेरीत. पॅरिसमध्ये हाच २.१५वर घरी परतला होता. मक्याच्या भुशावर पडत शिकलेल्या या पोरानं एका वर्षात नेमकं काय बदललं, हे विचारायला महासंघाचा एखादा माणूस देवरगावला गेला तर प्रवासभत्ता सत्कारणी लागेल. आपल्या मराठी वाहिन्यांनी त्याला दीड मिनिट दिलं, तेही हस्तांदोलनाच्या चर्चेतल्या जाहिरातीनंतर.

२०२६च्या सप्टेंबरात नागोयाला आशियाई स्पर्धा आहेत. महासंघाला फुकटचा सल्ला देतो, फुकट म्हणूनच कोणी घेणार नाही. निवड चाचणी ऑगस्टमध्ये घ्या. पहिल्या दिवशी पात्रता फेरी, तीनच उड्या, बारा जण पुढे, बाकीचे घरी, मग त्यात राष्ट्रीय विक्रमवीर का असेना. एक दिवस सोडून अंतिम फेरी, तिथल्या आकड्यावर संघ. एप्रिलचा आकडा विचारातच घ्यायचा नाही. खर्च जेमतेम दोन दिवसांच्या जादा जेवणाचा आणि एका पंचाच्या भत्त्याचा. अडचण एवढीच की मग एप्रिलमध्ये विक्रमाची बातमी द्यायला पदाधिकाऱ्यांना दुसरं काहीतरी शोधावं लागेल.