दारूगोळ्याचा साठा म्हणजे मेलेला पैसा?

१/७
शस्त्रसाठ्यावरील खर्च म्हणजे गोदामात कुजणारा पैसा, असे सांगणारे शहाणे प्रत्येक काळात भेटतात. त्यांना एवढेच विचारावे: युद्ध पेटल्यावर पैसा उभा राहील, पण वेळ कोठून आणणार? ज्या वस्तू घडायला महिने किंवा वर्षे लागतात, त्यांचा संचय राज्याने शांततेतच करायचा असतो.

२/७
अठराव्या शतकाच्या आरंभीचे रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ पाहा. गडावर झरा असला तरी त्यावर विसंबू नये; युद्धात तोफांच्या आवाजाने झरे आटतात, म्हणून जखिऱ्याच्या पाण्याची टाकी निराळी राखावीत, असे ते बजावतात.

३/७
लाकडाविषयी त्यांची दृष्टी याहून लांबची आहे. आरमारासाठी सागवान तोडायचे तेही हुजूरच्या परवानगीने. आंबा-फणसाला तर हात लावू नये, कारण रयतेने ती झाडे लेकरांसारखी दीर्घकाळ जोपासलेली असतात. जहाज झटपट बांधता येईल. त्याचे लाकूड झटपट वाढत नाही.

४/७
हे भान सुटले की काय होते, ते ब्रिटनने अनुभवले. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्धात उतरलेल्या या औद्योगिक महासत्तेला मे १९१५ मध्ये तोफगोळ्यांची टंचाई जाहीरपणे भोवली. स्वतंत्र दारूगोळा मंत्रालय काढावे लागले. कारखाने वाढले, पण घाईने घडवलेले असंख्य गोळे १९१६ च्या सोमच्या लढाईत फुटलेच नाहीत.

५/७
‘साठवलेला दारूगोळा खराब होतो’ हा आक्षेप खरा आहे. आज्ञापत्रालाही तो ठाऊक होता. म्हणूनच आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने दारू, बाण, हुक्के बाहेर काढून, ऊन देऊन पुन्हा मोहोरबंद करावेत, अशी त्यात आज्ञा आहे. कीड लागते म्हणून शेतकरी बियाणे राखणे सोडतो काय?

६/७
आणि आपण? १९९९ मध्ये कारगिलसाठी तातडीने मागवलेल्या सामग्रीचा मोठा भाग युद्ध संपल्यावर पोहोचला. तरीही, ४० दिवसांच्या साठ्याचा निकष असताना, मार्च २०१३ मध्ये दारूगोळ्याच्या निम्म्या प्रकारांचा साठा १० दिवसांहूनही कमी होता, हे ‘कॅग’ने २०१५ मध्ये नोंदवले.

७/७
साठा किती असावा, हे त्याच्या किमतीवरून ठरवू नये. तो संपल्यावर पुन्हा घडायला किती काळ लागेल, यावरून ठरवावे. गडांवर जाऊन जयघोष करणाऱ्यांनी तेथील टाकी आणि दारूकोठारही पाहावे. तलवार गाजली ती त्यांच्या भरवशावर.