झाकली मूठ, बुडालेला गोठा

बाजारात गाय घेताना आपण काय बघतो? दात मोजतो, कास चाचपतो, चारही सड चालतात का ते पिळून पाहतो. मग उपरण्याखाली बोटे धरून सौदा होतो. पण "ही गाय कधी गाभडली होती का?" हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. विचारला तरी खरे उत्तर मिळेलच असे नाही.

मी जनावरांचा डॉक्टर नाही. कृषी पदविका घेतली, काम शेतीविस्ताराचे. तरी लिहितो, कारण याची झळ आमच्याच घराला बसली आहे. मी शिकत होतो तेव्हा वडिलांनी बाजारातून एक संकरित गाय आणली. सातव्या महिन्यात ती गाभडली. "धक्का लागला असेल, नजर लागली असेल," म्हणून सगळे गप्प बसले. अडकलेली वार चुलत्यांनी उघड्या हाताने ओढून काढली आणि उकिरड्यावर टाकली. तिथून कुत्र्यांनी ती गावभर नेली. वर्षाच्या आत गोठ्यातली दुसरी गायही गाभडली. चुलत्यांना थांबून थांबून ताप यायला लागला. रात्री घामाने अंथरूण भिजायचे, सांधे धरायचे. कधी मलेरियाच्या, कधी टायफॉईडच्या गोळ्या झाल्या. रक्ताची नेमकी तपासणी होईपर्यंत सहा महिने गेले. रोगाचे नाव निघाले ब्रुसेला. तोवर ती पहिली गाय आम्ही बाजार दाखवून मोकळे झालो होतो. घेणाऱ्याला एक शब्दही सांगितला नाही. तो माणूस कुठल्या गावचा, हे आजही ठाऊक नाही. त्याच्या घरात कोण तापाने पडले असेल, हा विचार मात्र अजून पाठ सोडत नाही.

ब्रुसेला म्हणजे सांसर्गिक गर्भपात. गाय-म्हैस बहुधा पाचव्या महिन्यानंतर गाभडते, वार अडकते. खरी फसगत पुढे आहे. एकदा गाभडलेली गाय पुढच्या खेपेला बऱ्याचदा नीट विते. आपण म्हणतो, बरी झाली. पण रोगजंतू अंगात तसेच राहतात आणि विताना पडणाऱ्या स्रावातून, दुधातून बाहेर पडत राहतात. जनावरात यावर भरवशाचा इलाज नाही. माणसाला तो कच्च्या दुधातून आणि उघड्या हाताने वार-वासरू हाताळण्यातून होतो. दूध उकळले की जंतू मरतात. म्हणून धारोष्ण दुधाचा हट्ट सोडलेला बरा.

शेळ्या-मेंढ्यांत याच घराण्यातला दुसरा जंतू असतो आणि माणसाला तो अधिक जोराने धरतो. फलटण, माणकडचे मेंढपाळ पावसाळा सरला की वाडा घेऊन कोकणाकडे उतरतात. वाटेत शेतकरी खतासाठी मेंढ्या बसवून घेतात. मेंढी कुठेही गाभडते आणि पडलेले तिथेच राहते. यात मेंढपाळाला दोष देऊन भागणार नाही. त्याच्याकडे दवाखाना चालत येत नाही, आणि त्याची मेंढरे दवाखान्यापर्यंत थांबू शकत नाहीत. कळप ज्या वाटेने जातो त्या वाटेवरच रक्त तपासण्याची सोय झाली पाहिजे.

तपासणी काही अवघड नाही. रक्तातले पाणी वेगळे करून त्याचा एक थेंब आणि रोझ बंगाल नावाच्या गुलाबी द्रावणाचा एक थेंब एकत्र मिसळायचा. चार मिनिटांत गुठळ्या दिसल्या की संशय पक्का धरून पुढची तपासणी करायची. प्रत्येक गर्भपात ब्रुसेलाचाच असतो असे नाही, म्हणून तर तपासायचे. नुकतीच लागण झालेले जनावर पहिल्या तपासणीत निसटू शकते. तेव्हा विकत आणलेले जनावर महिनाभर वेगळे बांधा आणि पुन्हा तपासून मगच दावणीला आणा.

लसही आहे. केंद्र सरकारने 2019 साली लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेला यांच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यात गाई-म्हशींच्या 4 ते 8 महिन्यांच्या माद्या वासरांना आयुष्यात एकदाच ही लस टोचतात. नराला नाही, गाभणीला नाही. कालवड नऊ महिन्यांची झाली की वेळ गेली. कानातला बारा आकडी बिल्ला जपा. लस टोचल्याची नोंद त्याच आकड्यावर असते, आणि पुढे तपासणीचा अर्थ लावताना तीच नोंद कामी येते.

आता माझे म्हणणे. डेअरीवर सकाळ-संध्याकाळ आपल्या दुधाची फॅट लागते. एक पॉइंट घसरला तर भांडायला उठतो. त्याच दुधात रोग आहे का, हे मात्र कुणी बघत नाही. गाईच्या एकत्र दुधावर करायची रिंग टेस्ट नावाची स्वस्त चाचणी आहे. दूध संघांनी दर तीन महिन्यांनी प्रत्येक संकलन केंद्राच्या कॅनवर ती करावी. त्यात कुणा एकाचे नाव पुढे येत नाही. केंद्रात रोग दिसला, तर मग गोठे तपासावेत.

दुसरे असे, की शेतकरी लपवतो तो हौसेने नाही. तपासणीत गाय सापडली तर तिचे करायचे काय? विकावी तर पाप, ठेवावी तर धोका, आणि गाय कसायाला देणे कायद्याने बंद. लम्पीत 2022 साली दगावलेल्या दुभत्या गाईला राज्याने तीस हजार रुपये दिले. तसा आधार ब्रुसेलात सापडलेली गाय वेगळी बांधून सांभाळणाऱ्यालाही द्या. खरे बोलणाऱ्याचेच नुकसान होत असेल, तर खरे कोण बोलेल?

तोवर आपल्या हातात आहे तेवढे तरी करू. गाभडलेले वासरू आणि वार चुना टाकून खोल पुरा. हातात मोजे, नसतील तर प्लॅस्टिकच्या पिशव्या घाला. डॉक्टरला बोलवा, नमुना द्या. घरात ताप हटत नसेल, तर दवाखान्यात आपण होऊन सांगा, "आमच्याकडे जनावरे आहेत."

बुळकांडीने एके काळी गावेच्या गावे रिकामी केली. 2006 साली देश तिच्यातून मुक्त झाला आणि 2011 साली जग. लस टोचली, आणि गावोगाव फिरून "आजारी जनावर आहे का?" असे विचारत माणसे हिंडली, म्हणून हे झाले. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. गोठ्याच्या बाबतीत ती झाकली, तर गोठाच जातो.