पटक्यातला म्हातारा आता पुरे

मराठवाड्यातल्या कुठल्याही कला महाविद्यालयाच्या वार्षिक प्रदर्शनात जा, तो भेटतोच. डोक्याला लाल पटका, चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं, अर्धे मिटलेले डोळे, एका गालावर उन्हाची तिरीप. जलरंग असो वा तैलरंग, सुरकुती न् सुरकुती उतरलेली असते. पोराने त्यावर महिना महिना घालवलेला असतो. त्या हाताबद्दल मला आदर आहे, असा हात सहजासहजी बसत नाही. चित्राला बक्षीस मिळतं, कधी पुण्या-मुंबईच्या एखाद्या दिवाणखान्यासाठी ते विकलंही जातं. तरीही दरवर्षी त्या चित्रासमोर उभं राहिलं की मला वाईट वाटतं. हा म्हातारा कोण, याचा चित्रात पत्ताच नसतो. त्याच्या सातबाऱ्यावर काय उरलंय, सोसायटीचं देणं किती, पोरगा-सून सध्या कुठल्या कारखान्याच्या फडावर आहेत, काही कळत नाही. काढणाऱ्याला मात्र हे सगळं ठाऊक असतं. पुष्कळदा तो म्हातारा त्याचा आजाच असतो.

मग जे ठाऊक आहे ते चित्राबाहेर का राहतं? बीड जिल्ह्यातून चित्रकला शिकायला बाहेर पडणाऱ्या मुलामुलींच्या बाबतीत मला हाच प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. आणि त्याचं उत्तर समकालीन कलेचा विचार शिकल्याशिवाय मिळणार नाही, असं माझं ठाम मत आहे. ‘आधी हात बसू दे, थिअरी नंतर बघू’ असं सांगणारे शिक्षक मनाने चांगले असतात. पण ते ‘नंतर’ बहुतेकांच्या वाट्याला येत नाही. डिप्लोमा होतो, नोकरीची धावपळ सुरू होते आणि म्हातारा पटक्यासकट तसाच राहतो.

आपल्याकडे चित्रकलेची वाट शाळेतल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटपासून सुरू होते. कला संचालनालयाच्या या ग्रेड परीक्षांनी खेड्यापाड्यांतल्या लाखो मुलांच्या हातात ब्रश दिला, हे ऋण मोठं आहे. हल्ली इंटरमिजिएटच्या ए ग्रेडला दहावीत ७ गुण मिळतात, बीला ५, सीला ३. त्यामुळे परीक्षेला बसणारे वाढले. पण त्यातला स्मरणचित्राचा पेपर एकदा नीट पाहा. आई-बाप ऊसतोडीला गेल्यावर गावातल्या हंगामी वसतिगृहात राहणारं पोर, किंवा चार-पाच महिने फडावरच्या कोपीत काढून आलेलं पोर, त्या कागदावर काय काढतं? बाग, कारंजं, फुगेवाला. त्याच्या स्मरणात कारंजं कुठून येणार? स्मरणात आहे ती पहाटेच्या काळोखात डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारी आई. पण ते ‘चित्रात येत नसतं’, हे त्याला आठवीतच कळून चुकलेलं असतं. कुणी मुद्दाम शिकवत नाही. नमुन्याच्या चित्रांवरून पोर आपणच समजून घेतं.

पुढे एटीडी म्हणजे कलाशिक्षक पदविका, किंवा सीईटी देऊन बीएफए. बीडच्या पोराला सरकारी कला महाविद्यालय गाठायचं तर छत्रपती संभाजीनगर जवळचं, तेही सव्वाशे किलोमीटरवर. तिथे किंवा कुठल्या खासगी संस्थेत स्थिरचित्र, व्यक्तिचित्र, रचनाचित्र सुरू होतं आणि त्याच्या जोडीला कलेचा इतिहास हा एक लेखी पेपर. इम्प्रेशनिझमची वैशिष्ट्ये लिहा, क्युबिझमवर टीप लिहा. मार्सेल द्यूशाँने १९१७ साली मुतारीचं भांडं ‘फाउंटन’ म्हणून प्रदर्शनासाठी दिलं, हे चार गुणांसाठी पाठ होतं. त्याने असं का केलं, कोण कशाला कला ठरवतं आणि त्या ठरवण्यातून बाहेर कोण राहतं, ही चर्चा स्टुडिओत पोचत नाही. लेखी पेपर एका खोलीत, चित्र दुसऱ्या खोलीत.

इथे थोडं इतिहासाबद्दल. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं ते १८५७मध्ये. त्याच साली फ्रान्समध्ये चित्रकार मिलेने शेतात सांडलेली कणसं वेचणाऱ्या तीन बायांचं चित्र रंगवलं. ते पाहून पॅरिसच्या प्रतिष्ठितांपैकी अनेकांच्या कपाळाला आठ्या पडल्या, कारण गरीब बायका एवढ्या मोठ्या आणि एवढ्या भारदस्त रंगवण्याची तिथे रीत नव्हती. आपल्याला आज ते चित्र नुसतं गोड वाटतं. त्यातली धार कळायला ते कुणासमोर मांडलं गेलं हे कळावं लागतं. थिअरी म्हणजे दुसरं काय? चित्र कुणी काढलं, कुणाचं काढलं, कुणासाठी, कुणाच्या पैशाने आणि ते कुठे टांगलं, हे विचारायची शिस्त.

आणि ही शिस्त परदेशातूनच आणावी लागते असंही नाही. मराठवाड्यातच ती घडली आहे. गंगाधर पानतावण्यांचं ‘अस्मितादर्श’ औरंगाबादहून निघत होतं. कुणी लिहायचं, कुणाच्या भाषेत लिहायचं, सौंदर्याची कसोटी कुणी ठरवली, यावर दलित लेखकांनी साठ-सत्तरच्या दशकांत इथेच कडाडून वाद घातले. शरद पाटलांनी आणि शरणकुमार लिंबाळ्यांनी सौंदर्यशास्त्राचीच उलटतपासणी केली. रा. भा. पाटणकरांची ‘सौंदर्यमीमांसा’ १९७४ची. चित्रकाराच्या अंगाने लिहिलेलं प्रभाकर बरव्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ १९९०चं. आमच्या कला महाविद्यालयांच्या कपाटांतून ही पुस्तकं बाहेर निघतात का? चित्रकलेच्या विद्यार्थ्याला ‘दलित साहित्य हा मराठीवाल्यांचा विषय’ असं वाटावं, यासारखं नुकसान नाही. कलासमीक्षकांत जॉन बर्जर जरूर वाचावा, गीता कपूरही वाचाव्यात. पण ज्याने ‘अस्मितादर्श’मधले वाद वाचले आहेत त्याला त्या दोघांचं म्हणणं पटकन आपलं वाटेल, कारण हे प्रश्न त्याला घरून माहीत असतील.

हे प्रश्न चित्रात उतरले की काय होतं, ते चित्रकार प्रभाकर पाचपुतेच्या कामात दिसतं. तो चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचा. कोळसा खाणीचं गाव, घरातली माणसं पिढ्यान् पिढ्या खाणीत. तो खैरागडला शिल्पकला शिकला, मग बडोद्याला. चित्रासाठी त्याने हातात घेतला तो कोळसाच. भिंतीच्या भिंती कोळशाने भरून टाकल्या; माणसाच्या धडावर डोक्याच्या जागी अवजार, खाली पोखरलेली जमीन. २०२१मध्ये ब्रिटनमधलं ‘आर्टेस मुंडी’ पारितोषिक निवडलेल्या सहाही कलावंतांना विभागून मिळालं, त्यांत तो होता. त्याच्या खूप आधी नागपूरच्या सवी सावरकरांनी गळ्यातलं मडकं आणि कमरेचा झाडू आपल्या मुद्राचित्रांतून समोर आणला होता. या दोघांनी गावाचं ‘दर्शन’ घडवलं नाही. गावाशी जे झालं ते मांडायला कुठलं साधन, कुठला आकार, कुठली भिंत लागेल याचा विचार केला. पटक्यातला म्हातारा आणि पाचपुतेचा खाणकामगार यांच्यातला फरक कसबाचा नाही, विचाराचा आहे.

आता बीडची गोष्ट. दिवाळी सरली की जिल्ह्यातली गावंच्या गावं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते ती आधी फेडायची. हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. दोन माणसं, चार हात, आकडा एकच.

माझ्या ओळखीची धारूर तालुक्यातली एक विद्यार्थिनी आहे. तिने वडिलांच्या उचलीची वही चित्राला घेतली. खिशात मावेल एवढी डायरी, घामाने फुगलेली पानं, निळ्या शाईत तारीख आणि रक्कम, पुढे ‘दवाखाना’, ‘किराणा’, ‘लग्न’ असा एकेक शब्द आणि शेवटी जांभळा अंगठा. तिने त्यातलं एकेक पान माणसाच्या उंचीच्या कागदावर कोळशाने काढलं. अंगठा वाढवत वाढवत नेला तेव्हा त्याच्या रेषांमध्ये एक आडवी पांढरी चीर आली, कधीतरी कोयता लागल्याची. डायरीत ती डोळ्यांना दिसतच नव्हती. वडिलांचं नाव तिने कुठेच लिहिलं नाही. त्यांनी तसं सांगितलं होतं. मूल्यमापनाच्या दिवशी तिला प्रश्न आला : यात कॉम्पोझिशन कुठे आहे? तिला उत्तर देता आलं नाही. उत्तर तिच्या कामात होतं, पण ते बोलायचे शब्द तिला कुणी दिले नव्हते. प्रश्न विचारणाऱ्यालाही ते कुणी दिले नसावेत. मला राग येतो तो या रिकामपणाचा.

तिला कुणीतरी सांगायला हवं होतं की न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये २०१४ साली कॅरा वॉकर या कृष्णवर्णीय कलावतीने डोमिनो साखर कारखान्याच्या जुन्या इमारतीत एक प्रचंड आकृती उभी केली होती. स्फिंक्सच्या पवित्र्यात बसलेली काळी स्त्री, पण अंगभर पांढऱ्याशुभ्र साखरेचा लेप, सुमारे ३५ फूट उंच, ७५ फूट लांब. तिच्याभोवती टोपल्या घेतलेली काकवीच्या रंगाची लहान पोरं. उन्हाळा चढला तशी त्यांतली काही वितळली, मोडून पडली. उसाच्या मळ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत ज्यांच्या श्रमाचं मोल कुणी दिलं नाही, त्यांना ते काम अर्पण केलं होतं. साखरेचा इतिहास साखरेतच सांगितला. कॅरेबियन बेटांवरचे गुलाम आणि बीडचे ऊसतोड मजूर यांची सरसकट बरोबरी मी करणार नाही. पण धारूरच्या पोरीची वही आणि ब्रुकलिनची ती आकृती एकाच चर्चेत बसणाऱ्या आहेत, आणि त्या चर्चेत आपली जागा आहे हे तिला शिकता शिकताच कळायला हवं, चाळिशीत नव्हे.

यातला एक धोकाही सांगतो. हल्ली मांडणीशिल्पाचं वारं आहे. छताला कोयते टांगले, खाली पाचट पसरलं, कोपऱ्यात कोपी उभी केली की काम समकालीन झालं, असा समज पसरतोय. नुसता माल बदलल्याने चित्रकाराची नजर बदलत नाही. पटक्यातल्या म्हाताऱ्याकडे पाहणारी दयाळू नजरच टांगलेल्या कोयत्याकडे पाहत असेल तर आपण तिथल्या तिथेच आहोत.

नजरेचा हा प्रश्न सगळ्यांत अवघड होतो तो बायकांच्या बाबतीत. २०१९मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणात १३,०००हून अधिक जणींची गर्भाशयं काढल्याचं पुढे आलं. देशभरातले कॅमेरे आले. पदराआड तोंड लपवलेल्या बायांचे फोटो छापून आले आणि आमच्या काही विद्यार्थ्यांनी त्याच फोटोंवरून चित्रं केली. त्यांचा हेतू चांगला होता. पण ज्या बाईने तोंड झाकलं, तिचं तेच झाकलेलं तोंड पुन्हा भिंतीवर लावायला तिची परवानगी कुणी घेतली? दुसऱ्याचं दुखणं मांडायचा अधिकार कुठून येतो, मांडताना काय दाखवायचं आणि काय राखायचं, यावर जगभरच्या कलाविचारात गेली कितीतरी वर्षं गंभीर लिखाण झालं आहे. बीडच्या विद्यार्थ्याला ते मुंबईच्या विद्यार्थ्यापेक्षा जास्त गरजेचं आहे, कारण त्याचं मॉडेल शेजारच्या गल्लीत राहतं आणि उद्या बाजारात त्याला भेटणार आहे.

पोटाचा प्रश्न मी टाळणार नाही. ‘चित्रं काढून काय खाणार?’ असं विचारणारा बाप खोटं बोलत नाही. कलाशिक्षकाच्या पूर्णवेळ जागा आटल्या. शिक्षण हक्क कायद्याने अंशकालीन निदेशकाची तरतूद केली, पण त्या मानधनावर संसार होत नाही. म्हणून पोरं विकली जाणारी व्यक्तिचित्रं करतात, भिंती रंगवतात, गणपतीत मखरं करतात. करावीत. त्या कामाने घर चालतं आणि त्यात कमीपणा काही नाही. माझं म्हणणं एवढंच की विकायचं चित्र आणि आपलं चित्र ही दोन्ही ओळखता यावीत, आणि आपल्या चित्रासाठी आठवड्यातले चार तास राखून ठेवता यावेत. शिवाय विचार मांडता येणाऱ्याला दारंही जास्त उघडतात. शिष्यवृत्ती असो, निवासी कार्यशाळा असो, की कोचीच्या द्वैवार्षिकाबरोबर २०१४पासून भरणारं विद्यार्थ्यांचं प्रदर्शन, सगळीकडे कामासोबत पानभर निवेदन मागतात. आमची पोरं तिथेच अडतात. हातात काम असतं, पण ते पान कोरं राहतं.

हे बदलायला शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. आठवड्यातला एक तास चित्राशेजारी बसून मराठीतून बोलायचा. महिन्यातून एकदा मराठीच्या, समाजशास्त्राच्या प्राध्यापकाला स्टुडिओत बोलवायचं. मूल्यमापनाच्या वेळी छायाप्रकाश आणि रचनेसोबत आणखी एक प्रश्न विचारायचा : हे तू कुणासमोर मांडणार आहेस? आणि विद्यार्थ्यांना माझी विनंती अशी की आजाचं चित्र जरूर काढा, पण आधी त्याला बसवून विचारा, की माझ्या चित्रात तुझं काय यायला हवं. तो जे सांगेल ते जलरंगात मावणारं नसलं, तर दुसरं साधन शोधा.